ओढ्यापलीकडचा मॅप

गेम बनवणाऱ्या लोकांवर संघर्षचा राग होता, आणि तो काही उगाच नव्हता. रांजणगावच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला दिवसभर नट आवळून माणूस कारेगावच्या खोलीवर येतो, अंगावर पाणी घेतो, चहा मांडतो आणि म्हणतो, आता घटकाभर खेळू. तर गेम म्हणतो, थांब, आधी अपडेट. अपडेट केवढा, तर दिवसाचा सगळा नेट एका घासात गिळणारा. तो उतरेपर्यंत चहा गार. बरं, एवढं करून आत गेलं तर जाहिरात, जाहिरात संपली तर बक्षिसाची पेटी, आणि पेटी उघडायला पुन्हा जाहिरात. खेळायचं राहतंय बाजूलाच.

नुकताच त्यानं शेतीचा एक गेम खेळून सोडला होता. त्यात वांगं लावलं की दूध उतू जायच्या आत तोडायला येतं, पण गाय व्यायची म्हटली की पैसे मोजून घ्यायचे हिरे मागतात. "माझ्या आईनं जलमभर दुसऱ्यांच्या गाया राखल्या," तो व्हिडिओत म्हणाला, "कंच्या गायीनं हिरा मागितलेला आमच्या तरी ऐकिवात न्हाई." क्रिकेटच्या गेममध्ये दर चौकाराला एक बाई येऊन रमी खेळायला बोलवायची. बंदुकीच्या गेममध्ये ज्यानं पैसे भरले त्याची बंदूक सरळ मारायची, बाकीच्यांच्या गोळ्या रानोमाळ. संघर्ष हे सगळं कॅमेऱ्यापुढं बसून तोंड भरून सांगायचा. 'खरं सांगू का' असं त्याच्या चॅनेलचं नाव. कारखान्यातली पोरं, होस्टेलची पोरं, शिरूरपासून थेट साताऱ्यापर्यंतची, त्याचं ऐकल्याशिवाय गेम उतरवायची नाहीत. एका कंपनीनं कौतुक करावं म्हणून फुकट हेडफोन धाडले, तर यानं त्या हेडफोननं कान दुखतात यावरच व्हिडिओ केला. असला गडी.

पण या सगळ्यांहून त्याचं डोकं फिरायचं ते अदृश्य भिंतीनं. ज्यांनी गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगायचं तर असं, की गेममधलं जग कुठंतरी संपतं. पडद्यावर पुढं डोंगर दिसतो, झाडं दिसतात, पण आपला माणूस जागच्या जागी पाय हलवत राहतो, पुढं सरकत नाही. "दहाव्या मजल्यावरून उडी मारणारा हिरो," संघर्ष चिडून म्हणायचा, "आन् त्याला गुडघाभर कुंपण वलांडता येईना. जग मोठं हाय म्हणून सांगता कशाला मग?" त्यामुळं त्याची एक रीत होती. जमीन घेणारा माणूस आधी बांधानं फिरतो आणि मगच भावाचं बोलतो. तसा संघर्ष कुठल्याही गेममध्ये गेला की आधी मॅपच्या कडेकडेनं चालायचा. भिंत कुठं आहे ते बघायचा, आणि मग बाकीचं.

तर अशा माणसाला सत्यजीतचा दौंडवरून फोन आला. गेम तयार झाला होता.

सत्यजीत म्हणजे संघर्षच्याच गावच्या मच्छिंद्र आप्पांचा थोरला. गाव इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला. आप्पा सोसायटीचे चेअरमन, दारात ट्रॅक्टर, गावात शब्दाला वजन. दोघं पोरं पहिलीपासून एका बाकावर बसलेली, एका सायकलवर डबलसीट फिरलेली, नदीत एकाच वेळी बुडता बुडता वाचलेली. पुढं संघर्ष आयटीआय करून कंपनीत लागला, सत्यजीत पुण्यात ॲनिमेशन शिकला आणि आता दौंडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवता शिकवता त्यानं आपल्या गावाचा गेम बनवला होता. नाव ठेवलं, 'घोडकाठ'.

"पुण्याची एक कंपनी म्हणतीया, नमुना नेटवर फुकट टाका, लोकांना आवडला तर आम्ही काढतो," सत्यजीत फोनवर म्हणाला. "आन् आप्पा म्हणत्यात, दिवाळीपतुर जमलं तर बरं, न्हाईतर गुमान खताच्या दुकानात बसायचं. संघ्या, तुझ्या तोंडनं एकदा 'चांगला हाय' निघालं तर माझं काम झालं. लोकं तुझं ऐकत्यात."

"चांगला असला तर म्हणंन," संघर्ष म्हणाला.

"आरं, म्हणून तर तुला बोलावतोय."

सुट्टीच्या दिवशी संघर्ष गाडीला किक मारून न्हावऱ्यावरून दौंडला गेला. जाताना सगळ्या वाटेनं त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. गेम भिकार निघाला तर काय तोंड दाखवायचं सत्याला? खोटं बोलायचं नाही आणि दोस्ताचा गळाही कापायचा नाही, हे एका तोंडानं कसं जमणार, याचाच घोर.

क्लासच्या वरच्या खोलीत सत्यजीतनं त्याला खुर्चीवर बसवलं, हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाला, "मी समोर बसलो तर तू मोकळा खेळायचा न्हाईस. वडापाव घिऊन येतो. आन् पुलावर गेलास ना, की एक बटण पेटंल. ते दाब. तुझ्यासाठी हाय." एवढं बोलून हसत हसत तो जिना उतरला.

गेम उघडला आणि संघर्षचा घोर मिटला. गाव होतं. हुबेहूब त्यांचं गाव. वेशीच्या कमानीवर अर्धी पुसलेली खताची जाहिरात, मारुतीच्या पारावर वाकडा बसवलेला खांब, शाळेच्या हापशाचं तुटकं हँडल आणि त्याला बांधलेली सायकलची ट्यूबसुद्धा. आप्पांच्या दारात ट्रॅक्टर, ओसरीवर आप्पा चष्मा पुसत बसलेले, आणि अंगणात सत्यजीतची आजी सरूबाई कुरडया वाळत घालून कावळ्यांना शिव्या देतेय. जाहिरात नाही, हिरे नाहीत, पेटी नाही. नुसतं फिरायचं, कुणाची शेळी हरवली ती शोधायची, कुणाचा निरोप कुणाला पोचवायचा, नदीवर जाऊन पोहायचं. संघर्ष खेळता खेळता एकटाच हसत होता. पहिल्यांदाच एखाद्या गेमवर त्याला चिडावंसं वाटेना. मनातल्या मनात तो व्हिडिओ जुळवायलाही लागला. म्हणू दे लोकांना, दोस्त म्हणून बोलला. बोलला तर बोलला.

मग खोडच ती, तो मॅपच्या कडेनं निघाला. नदीकडून भिंत नाही, नदीच आहे, बरोबर. इनामगावच्या रस्त्याला उसाचे ट्रेलर आडवे लावलेत, तेही बरोबर. स्मशानाकडून तारेचं कुंपण. मग ओढा आला, आणि ओढ्यावरचा पूल.

पुलाच्या मध्यावर गेममधला पोरगा थांबला. संघर्षनं बटण पुढं रेटलं. पोरगा जागच्या जागी पाय हलवत राहिला. पुढं बाभळी होत्या, सपाट, पडद्यावर रंगवल्यासारख्या. संघर्षनं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, ओढ्यात उतरून बघितलं. वाट नव्हती. त्या बाभळींच्या मागं नळ असायला हवा होता, विहार असायला हवा होता, निळ्या झेंड्याचा खांब, झुंबरबाईची गिरणी आणि गिरणीला लागून संघर्षचं घर. त्याच्या आईच्या हातचा सारवलेला ओटा. त्यातलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात ते बटण पेटलं. त्यावर लिहिलं होतं, शिट्टी.

त्यानं दाबलं. गेममधल्या पोरानं दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारली, आणि बाभळींच्या पुढं, नुसत्या हवेतून, निळ्या शर्टातला एक काळासावळा पोरगा उगवला. हसला आणि म्हणाला, "काय रं, कुठं जायचं?" आवाज संघर्षचा होता. सत्यजीतनं त्याच्या जुन्या व्हिडिओतून उचललेला. डोक्यावर नाव आलं, संघ्या.

संघर्षनं कंट्रोलर टेबलावर ठेवला. हे कौतुक मानायचं की काय, ते त्यालाच कळेना. त्यानं तो उचलून पुन्हा बटण दाबलं. संघ्या नाहीसा झाला. पुन्हा दाबलं. पुन्हा हवेतून आला, पुन्हा तेच म्हणाला.

सत्यजीत वडापावचा पुडा घेऊन वर आला तेव्हा त्याचा चेहरा फुललेला होता. "भेटला का?"

"भेटला."

"मग? आवाज वळखला का न्हाई? सगळ्या गेममधी बोलणारा दोस्त एकच हाय. बाकीचे नुसते निरोप देत्यात."

"सत्या, ह्यो येतो कुठनं?"

"कोण?"

"ह्यो. संघ्या. कुठनं येतो?"

सत्यजीतला वाटलं काही बिघडलंय. तो वाकून पडद्याकडं बघायला लागला. "अचानक दिसतो म्हणतोस व्हय? त्याला चालत आणायचं होतं, पण पलीकडं मॅपच न्हाई ना. बाभळीपशी संपतो."

"बाभळीच्या मागं काय हाय?"

"काय न्हाई. मॅप संपतो म्हणलं ना."

"मी गेममधलं इचारत न्हाई."

मग मात्र सत्यजीतला समजलं. त्यानं पुडा खाली ठेवला. तोंडावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग उतरलं. "आरं, तसं काय न्हाई," तो म्हणाला. "मला आठवंल तसं मी काढत गेलो. फोटो नव्हते. सगळं डोक्यातनं काढलंय."

"हापशाची ट्यूब आठवली."

"संघ्या..."

"स्मशान काढलंस. मेल्याली माणसं हायती त्यात. शाळेची सहल गेलती आपली, आठवतंय? तीन हजार वर्सांमागं इनामगावात कुणाची चूल कुठं होती ते खणून काढलंय लोकांनी. आन् तुला माझं घर आठवना."

"आठवायला मी कवा..." सत्यजीत बोलता बोलता थांबला. पुढचं वाक्य दोघांनाही ऐकू आलं. तो कधी गेलाच नव्हता. पहिलीपासून ते कॉलेजपर्यंत तो सायकल घेऊन पुलावर यायचा, शिट्टी मारायचा आणि संघर्ष पळत वर जायचा. संघर्ष त्यांच्या ओसरीवर बसून जेवला होता, सरूबाईच्या कुरडया त्यानं चोरून खाल्ल्या होत्या. सत्यजीत पुलापुढं आला नव्हता, आणि खरी चीड आणणारी गोष्ट ही, की इतक्या वर्षांत ते संघर्षच्याही ध्यानात आलं नव्हतं. शिट्टी झाली की जायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"माझ्या मनात तसलं काय नव्हतं," सत्यजीत म्हणाला. "तुझ्या गळ्याची शप्पत."

"म्हाईत हाय. म्हणून तर जास्त डोकं फिरतंय. मनात असतं तर भांडलो असतो."

"मग करू काय आता? सगळ्या गेममधी तुझं नाव टाकलंय. आप्पांचंबी नाव न्हाई टाकलं, नुसतं आप्पा म्हणलंय. पलीकडचं काढायला अजून सहा म्हयने जातील, आन् कंपनी थांबायची न्हाई. एवढं कुणाच्या ध्यानात येणार हाय? तू सोडून कोण जातंय बांधानं फिराय?"

संघर्ष उठला. वडापाव तसाच राहिला. जिन्यावरून उतरताना त्याला वाटलं सत्या हाक मारेल, आणि त्याहून मोठी भीती ही वाटली, की तो शिट्टी मारेल. सत्यजीतनं दोन्हीपैकी काही केलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. लाइनवर नट तिरपा बसला म्हणून सुपरवायझर बोलला, हा उलटा बोलला, प्रकरण एचआरपर्यंत जाता जाता राहिलं. सत्यजीतचा मेसेज आला, व्हिडिओ कधी? बाकी काही नाही. संघर्षनं एका दुपारी कॅमेरा लावला आणि ठरवून गोड बोलला. वेस, पार, हापसा, कुरडया, सगळं कौतुक केलं, आणि पुलावर पोचायच्या आधीच थांबला. म्हणाला, खरं सांगू का, चांगला हाय. मग ऐकून बघितलं. आवाज त्याचाच, पण ऐकताना त्याला तो गेममधला संघ्याच आठवला. शिट्टी मारली की यायचं आणि विचारायचं, काय रं, कुठं जायचं? त्यानं तो व्हिडिओ पुसून टाकला. स्वतःचा इतका राग त्याला आधी कधी आला नव्हता.

दुसऱ्यांदा तो सरळ बोलला. "आजवर खेळलो त्यातला ह्यो सगळ्यात चांगला गेम हाय. ज्यानं बनवला त्यो माझा जिवाचा दोस्त हाय, आन् त्याच्या हातात जादू हाय. पण ओढ्यावर भिंत हाय. भिंतीपलीकडं माझं घर हाय. ह्या गावात मी हाय, पण मला घर न्हाई. खेळायचा तर खेळा, पण पुलावर जाऊन एकदा थांबा." एवढं बोलून त्यानं व्हिडिओ टाकला आणि मोबाइल उशीखाली सारला.

खाली जे लिहिलं गेलं ते वाचून त्याचं टाळकं आणखी सटकलं. निम्मे म्हणत होते, यांना सगळीकडं जातच दिसते. उरलेले सत्यजीतला आईबहिणीवरून शिव्या देत होते. सत्यजीतला शिव्या द्यायला तुम्हाला सांगितलं कुणी, असं संघर्षला ओरडून म्हणावंसं वाटलं. गेममधली हापशाची ट्यूब कुणालाच दिसली नव्हती. पुण्याची कंपनी म्हणाली, वादाचा विषय आहे, जरा थांबू. ते त्याला गावातल्याच कुणाकडून कळलं. सत्यजीतचा फोन नाही, मेसेज नाही.

रविवारी संघर्ष गावाकडं गेला. आई, ललिता, चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं व्हिडिओ झुंबरबाईच्या पोरीच्या मोबाइलवर बघितला होता.

"खरं तेच बोललास," ती म्हणाली. "पर पोरगं वंगाळ न्हाई."

"मी कुठं वंगाळ म्हणलं?"

"तू दुसरीत होतास. तापानं फणफणला होतास. तवा ते पुलावर हुबं राहून शिट्ट्या मारीत होतं. मारतंय आन् मारतंय. मीच गेले वर. म्हणलं, बाळा, संघर्ष आजारी हाय, ये की घरी, भेट त्याला. तर म्हणालं, न्हाई काकू, मी हितंच बरा हाय." तिनं भाकरी उलटली. "एवढुसं पोर. त्याला कुणी सांगितलं आसंल? कुणीच न्हाई सांगितलं आसणार. तरीबी त्याला ठावं होतं."

"आन् मला का न्हाई सांगितलंस तू?"

"तुला एकच दोस्त होता," ललिता म्हणाली.

संघर्ष भिंतीला टेकून बसून राहिला. आईनं हे इतकी वर्षं एकटीनं गिळलं आणि आपण खुशाल शिट्टीवर पळत गेलो, याची त्याला लाज वाटली, आणि लाज आपल्याला का वाटावी याचा पुन्हा राग आला.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. लांब, दोन बोटांची, पुलावरून.

संघर्षचे पाय आपोआप हलले. अर्धा उठला आणि मग बसला.

ललिता पिठाचे हात तसेच धरून त्याच्याकडं बघत राहिली. दुसरी शिट्टी आली. "सत्यजीत दिसतोय," ती म्हणाली. "जा की."

"ऐकतोय मी."

"आरं, ताटकळलं आसंल उन्हात."

"त्याला वाट ठावं हाय, आई. पूल सरळ खाली येतो."

तिसरी शिट्टी आली नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. गाडी चालू झाल्याचा आवाज होईल म्हणून संघर्ष कान देऊन बसला होता. गेला असेल, त्याला वाटलं. गेला तर गेला, असं तो मनाशी म्हणत होता, पण हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. चुलीवरची भाकरी करपली तरी दोघांपैकी कुणी उचलली नाही.

मग मोबाइल वाजला.

"उतरलोय खाली," सत्यजीत म्हणाला. धाप लागल्यासारखा आवाज होता, आणि पूल काही एवढा लांब नव्हता. "नळापशी हुबा हाय. संघ्या, तुझं घर कंचं रं?"

वीस वर्षांचा दोस्त. संघर्षला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्याला सत्याच्या एक कानफटात द्यावीशी वाटली. नुसतं दार उघडून बाहेर आलं असतं तरी चाललं असतं, नळापासून ओटा दिसतो. पण पुन्हा आपण जायचं नाही, हे त्यानं ठरवलं होतं.

"इचार की कुणालाबी," तो म्हणाला. "हितं सगळ्यांना ठावं हाय."

त्यानं फोन ठेवला. आईनं पदरानं हात पुसले आणि चहाचं आधण चढवलं. बाहेर नळावर भांड्यांचा आवाज थांबला होता, आणि झुंबरबाईचा खणखणीत आवाज आला, "आगं बया, आप्पांचं पोरगं न्हवं तू? इकडं कुठं वाट चुकलास?"

सत्यजीत घरात ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "चुकलो न्हाई, मावशी. संघर्षच्या घरी जायचं हाय. कुणीकडनं जाऊ?"